गाळलेली पानं

चहाचा कप पुस्तकावर ठेवलेला होता. बशी नाही, काही नाही. मॅनेजरने तो उचलून घोट घेतला तेव्हा पानावर ओलं, तपकिरी वर्तुळ उरलं. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता आणि पहिली सोळा पानंही नव्हती, त्यामुळे ते वर्तुळ थेट सतराव्या पानावर उमटलं. मॅनेजर बोलत होता. ती त्याच्या हातातल्या कपाकडे बघत होती. आता तो कप पुन्हा त्याच वर्तुळावर ठेवेल की दुसरीकडे? पोरीला ताप असताना पाऱ्याकडे बघावं तसं तिने सगळं लक्ष त्या कपाच्या बुडाला लावलं होतं. कप खाली आला. जरासा बाजूला. आता दोन वर्तुळं झाली, एकमेकांत अडकलेली. आठ दिवसांत ती रडली नव्हती. कारखान्यातल्या मावशीचा हात इस्त्रीच्या प्रेसमधून काढताना नाही, फरशी पुसताना नाही, मुकादमाने पुस्तक हातातून ओढून घेतलं तेव्हाही नाही. आणि आता या दोन वर्तुळांनी तिचे डोळे भरून यायला लागले याची तिला लाज वाटली.

"ऐकताय ना बाई?" मॅनेजर म्हणाला.

"हो."

"तुम्ही वाचता छान म्हणे. अख्खा हॉल डुलतो. मग हे एवढंसं वाचा, खाली सही करा, की सुटलात. उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणून द्या. घाई नाही."

खिडकीपाशी मुकादम उभा होता, स्वतःची नखं बघत. "घाई नाही" म्हटल्यावर त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"आणि नाही केली तर?" हे तिने विचारलं नाही, पण बहुतेक तिच्या चेहऱ्यावर ते आलं असावं. मॅनेजर हसला, दात न दाखवता. "मग काय, कामाच्या वेळात पुस्तक वाचत होतात त्या तुम्हीच. कोणाला तरी घरी जावं लागेल. आम्हाला तुम्ही नको आहात असं नाही हो. लहान मूल आहे तुम्हाला, आम्हाला कळतं."

कागद एकच होता. जिन्यात उभं राहून तिने तो वाचला. वाचला म्हणजे आधी डोळ्यांनी आणि मग सवयीने ओठांनी. *सदर दिवशी कामाच्या वेळात मी मोठ्याने पुस्तक वाचत होते. हॉलमधील सर्व कामगार ते ऐकत होते. प्रेसवरील कामगार बाई त्या वेळी हसत होत्या व त्यांचे तोंड माझ्याकडे होते. यंत्र नेहमीप्रमाणे चालू होते. त्याच वेळी प्रेसची वरची पाटी खाली आली.* पाच वाक्यं. तिने कागद उलटला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा वाचला. खोटं वाक्य शोधत होती ती, खडे निवडावेत तसं. एक तरी सापडलं असतं तर बरं झालं असतं. सगळी वाक्यं खरी होती. ती वाचत होती. सगळ्या ऐकत होत्या. मावशी हसत होती, चांगली खदाखदा, एका हाताने डोळे पुसत. यंत्र नेहमीप्रमाणे चालू होतं म्हणजे गेल्या दोन महिन्यांच्या नेहमीप्रमाणे, तोंडाशी असलेल्या आडव्या लोखंडी दांड्याशिवाय. तो दांडा वरची पाटी यायच्या आधी खाली यायचा आणि आत विसरलेला हात बाहेर ढकलायचा. त्याने दर शर्टामागे दोन श्वासांइतका वेळ जायचा. मुकादमाने एका सोमवारी पाना आणून तो काढला आणि भिंतीवरच्या दोन खिळ्यांवर आडवा टाकला. "आता बघा कसं पळतं," म्हणाला. आणि पळालं. बायकांनी दुसऱ्याच दिवसापासून त्या दांड्यावर ओले ॲप्रन वाळत घालायला सुरुवात केली. वाफेजवळ असल्याने पटकन सुकायचे. तिचाही ॲप्रन असायचा त्यावर, डावीकडून तिसरा.

हॉलमध्ये त्या बारा जणी होत्या. शिवणाची यंत्रं वरच्या मजल्यावर. खाली फक्त हातकाम, धागे कापणं, बटणं लावणं, इस्त्री. म्हणून बोललेलं ऐकू यायचं. तिच्याकडे कॉलरी असायच्या: शिवून आलेली कॉलर उलटवायची आणि लाकडी काडीने तिची दोन्ही टोकं बाहेर काढायची, फाटू न देता. तीन वर्षांपूर्वी, पोट दिसायला लागलं होतं तेव्हा, ती जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून हेच पुस्तक वाचत होती आणि प्रेसवरची मावशी समोर येऊन उभी राहिली होती. मावशी कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांची होती.

"काय पुटपुटतेस गं? कुणाला शिव्या देतेस का?"

"गोष्ट आहे, मावशी."

"मग आम्ही काय बहिऱ्या आहोत? मोठ्याने वाच."

"सुट्टी संपली की. कॉलरी कोण करेल माझ्या?"

मावशीने कमरेवर हात ठेवून हॉलभर नजर फिरवली होती, बाजारात भाजीवाल्यांवर फिरवावी तशी. "बायांनो, हिच्या कॉलरी वाटून घ्या. पोटुशी बाई आहे, बसून वाचू दे. आपले हात रिकामे नाहीत, कान तर रिकामे आहेत ना?" आणि त्या अकरा जणी एकेक करून उठल्या, तिच्या ढिगातून आपापल्या वाट्याच्या कॉलरी घेऊन गेल्या. तेव्हापासून रोज अकरा वाजता तोच रिवाज, आणि पुस्तक संपलं की तेच पुन्हा सतराव्या पानापासून. आधी कॉलरी उचलल्या जायच्या, मग ती उंच स्टुलावर चढायची, मग पुस्तकातला लाल दोरा बाजूला व्हायचा. मुकादमाने चालू दिलं, कारण त्या तासात कुणी पाणी प्यायला उठत नसे. तिला सगळ्या 'मास्तरीण' म्हणायला लागल्या. ती जेमतेम शाळा संपवलेली. त्या नावाने तिला आधी कानकोंडं व्हायचं, मग आवडायला लागलं. ती थांबली की काजवाली म्हणायची, "पुढे?" काजं करणारी ती बाई तिखट जिभेची, तिचा तो एकच शब्द सुईसारखा यायचा. पुढे?

पुस्तक वडिलांनी आणलं होतं. ते एका वाचनालयात शिपाई होते, आणि निकामी ठरवलेल्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी हे एकच उचललं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "जुन्या लोकांनी लिहिलंय, विचार करून लिहिलं असेल," एवढंच म्हणाले. नाव नाही, लेखक नाही. एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट. मालक नावेत दुप्पट माल भरतो, नाव बुडते, नावाडी जातो, आणि मालक विधवेला म्हणतो, तो दारू प्यायला होता असं चारचौघांत सांग, तुला घर देतो. ती नाही म्हणते. ते नाही म्हणणं दोनशे बाराव्या पानावर होतं. ते वाचलं त्या दिवशी तिने खांदे मागे टाकून, आवाज घुमवून वाचलं होतं. कात्र्या थांबल्या होत्या. काजवालीने नाक ओढलं होतं. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःच नावाडीण असल्यासारखी चालत गेली होती, छाती काढून, आणि फाटकापाशी राखणदाराने झडतीसाठी पिशवी उघडायला सांगितली तेव्हा तिने नेहमीसारखी मुकाट्याने उघडून दाखवली होती.

आणि मग ती चाळीस पानं. त्यांत काहीच घडत नव्हतं. नावाडीण परक्या गावात जाते. कुणी तिच्याशी बोलत नाही. ती उठते, केस बांधते, पाणी भरते. दुसऱ्यांच्या होड्यांच्या फळ्यांना डांबर लावते. पोर आजारी पडतं, बरं होतं, पुन्हा पडतं. ती उठते. केस बांधते. दोन दिवस तिने ते वाचलं आणि हॉलमध्ये जांभया सुरू झाल्या. "हिची काय आता दिनचर्या ऐकायची का?" काजवाली म्हणाली. तिसऱ्या दिवशी कॉलरी उचलताना दोघींनी जरा कमी उचलल्या. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. स्टूल जाईल, अशी भीती वाटली तिला. पुन्हा काडी, पुन्हा टोकं, पुन्हा दिवसभर मान खाली. चौथ्या दिवशी तिने दोरा हळूच चाळीस पानं पुढे सरकवला आणि माणसांचे जथ्थेच्या जथ्थे गावात शिरतात तिथून वाचायला घेतलं. एकही वाक्य खोटं वाचलं नाही. सगळ्या खूश.

फक्त मावशी प्रेसवरून चालत आली. तिला अक्षरओळख नव्हती. तिने पुस्तक हातात घेतलं, अंगठा आणि तर्जनीत धरून दाबून पाहिलं, शर्टांची गड्डी मोजतात तसं. "काल डावीकडे एवढं होतं. आज एवढं कसं झालं?"

तिने लाल दोरा बोटाला गुंडाळला.

"आम्ही तुझ्या कॉलरी गाळतो का गं?"

"कंटाळवाणं होतं ते, मावशी."

"असू दे. तुझ्या कॉलरी काय तमाशा असतात? त्याही कंटाळवाण्याच असतात. आम्ही करतो. ती पानं आमची आहेत." मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "त्या बाईने एवढं मोठं नाही म्हटलं आणि लगेच पुढचा तमाशा? मधे ती जगली कशी, ते मला ऐकायचंय." आणि दुसऱ्या दिवसापासून मास्तरिणीने ती चाळीस पानं वाचली, बाकीच्या दहा जणींच्या जांभयांसकट.

संध्याकाळी ती कागद पिशवीत घालून इस्पितळात गेली. वॉर्डात फिनेलचा आणि कोमट भाताचा मिळून एक वास होता. मावशीचा उजवा हात उशीवर वेगळा ठेवलेला होता, कुणाचं तरी सांभाळायला दिलेलं तान्हं असावं तसा गुंडाळलेला. तीन बोटं गेली होती.

"कुणी पाठवलं? का अशीच आलीस?"

"अशीच."

"अशीच कोणी येतं होय इथे! बस. केस विंचर माझे, नर्सला सांगून थकले. डाव्या हाताने भांग पाडते तो रस्ता चुकल्यासारखा जातो." ती मागे बसून विंचरू लागली. पांढरे केस विरळ, डोक्याची त्वचा लहान मुलासारखी गुलाबी. मावशी म्हणाली, "खाज सुटते गं. नसलेल्या बोटांना. पाहुणे गेले आणि पसारा ठेवून गेले बघ."

तिने कागदाचं सांगितलं. पाठीमागून सांगणं सोपं गेलं. मावशी म्हणाली, वाच. तिने हळू आवाजात वाचला. कंगवा केसांतच राहिला.

"खरंच आहे की," मावशी म्हणाली. "हसत होतेच मी. ते छत्रीचं... मालकाची छत्री वाऱ्याने उलटी होते आणि तो तिच्याशीच भांडतो..." तिचे खांदे पुन्हा हलायला लागले, आणि मग हात दुखला असावा, ती थांबली. "माझी चूक ठरली की मग इथलं औषधपाणी बंद, कामही बंद. असंच ना?"

"असंच."

"आणि तू सही नाही केलीस तर तुझं."

"हो."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. "कर सही. पोर लहान आहे तुझी. माझं काय, एक हात धड आहे, तोंड तर त्याहून धड आहे." मग मान जराशी वळवून, "आणि पुढचं सांग. अर्धंच राहिलं त्या दिवशी. छत्री उलटी झाली, मग?"

पुस्तक ऑफिसात कपाखाली होतं. तिने आठवून सांगायला सुरुवात केली. छत्री, मालक, पाऊस. आणि सांगता सांगता ती त्या क्षणापाशी आली जो आठ दिवस तिने अंगाला लागू दिला नव्हता. छत्रीचं वाक्य तिने त्या दिवशी एकदा वाचलं होतं, आणि मावशी हसली होती. मावशीचं हसू इतकं छान होतं, की ते अजून थोडं ऐकावं म्हणून तिने पुस्तकावरून मान उचलून मावशीकडे बघत तेच वाक्य पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा. पुस्तकात ते एकदाच होतं. दुसऱ्यांदा मावशीने डोळे मिटून हसायला सुरुवात केली. हे कागदात नव्हतं. हे कुणालाच माहीत नव्हतं.

"थांबलीस का? पानं गाळतेस ना?" मावशी म्हणाली, थट्टेने.

घरी नवरा पोरीला भरवत होता. पोर तोंडात घास धरून बसली होती, गिळायचा नाही या एकाच निर्धाराने. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. कागद त्याने जेवतानाच वाचला, कोपऱ्याला बोटाचं तेल लागलं.

"यात खोटं काय आहे? दाखव मला एक वाक्य."

"एकही नाही."

"मग झालं तर. आरोपी तू नाहीस, न्यायाधीशही नाहीस. जे घडलं ते लिहिलंय."

"दांड्याचं कुठे लिहिलंय?"

"तो पुन्हा बसवलाय म्हणालीस ना तूच? त्याच संध्याकाळी? मग कोण विश्वास ठेवणार?" तो रागावला नव्हता, हेच अवघड होतं. दमलेला होता. "हे बघ, पुस्तकातल्या बाईला काय जातं नाही म्हणायला? तिला घरमालक नसतो."

"होता. तिलाही होता."

तो हसला. तीही हसली. पोर दोघांकडे बघून हसली आणि त्या नादात घास गिळला, आणि फसवणूक झाल्याचं लक्षात येऊन तिने भोकाड पसरलं.

पहाटे पोर कुशीत शिरली तेव्हा ती जागीच होती. पोरीचं कपाळ घामेजलेलं, मानेला दुधाचा आंबूस वास. तिच्या मुठीत आईच्या गाउनचं बटण होतं. झोपेतही सोडत नाही. तिला दोनशे बारावं पान आठवून बघायचं होतं, खांदे मागे टाकून वाचलेलं ते 'नाही'. आज त्याचीच गरज होती. पण ते शब्द येईनात. आले ते फक्त त्या चाळीस पानांतले. उठली. केस बांधले. पाणी भरलं. त्या जुन्या माणसाने, कोण असेल तो, किंवा ती, किती वेळा लिहिलं होतं ते, न कंटाळता. नाही म्हणायला दोन पानं लागली होती. बाकी सगळं हेच होतं. आणि शेवटी मालकाला काही होत नाही. तो म्हातारा होऊन गादीवर मरतो. तू बरोबर होतीस असं नावाडिणीला कुणी येऊन सांगत नाही. पुस्तकात कुठेच नाही. पहिल्यांदा वाचून संपवलं तेव्हा काजवाली चिडली होती, "मेल्याला साधी पटकीसुद्धा नाही होय झाली?" तीही चिडली होती. आता या अंधुक उजेडात, बटणावरच्या त्या इवल्या मुठीकडे बघताना, तिला वाटलं की खोटी पटकी लिहिणं त्या माणसाला काय अवघड होतं? त्याने लिहिली नाही. त्याने काही गाळलं नाही आणि काही पदरचं घातलं नाही, आणि म्हणून त्याच्यावर रेलता येत होतं, ओबडधोबड पण पक्क्या भिंतीवर रेलावं तसं. याने भीती गेली नाही. भीती होती तिथेच होती. ती उठली. केस बांधले.

अकरा वाजता हॉलमध्ये कात्र्यांचा आवाज होता. प्रेसवर वरच्या मजल्यावरून आणलेली एक बाई होती, हात चटका बसल्यासारखे मागे घेणारी. प्रेसच्या तोंडाशी दांडा होता, नवा रंग दिलेला. भिंतीवर नुसते दोन खिळे उरले होते. ओले ॲप्रन खुर्च्यांच्या पाठींवर पडले होते, आणि सुकत नव्हते. ती आपल्या जागेवरून उठली आणि स्टुलावर जाऊन बसली. आठ दिवसांत त्यावर कुणी बसलं नव्हतं; धाग्यांची बारीक लव साचली होती.

"मास्तरीणबाई," मुकादम लांबूनच म्हणाला, "वाचन बंद आहे. सांगितलंय ना?"

"पुस्तक नाही हे. ऑफिसचा कागद आहे. मॅनेजरसाहेबांनीच वाच म्हणून दिलाय."

त्याने ऑफिसच्या जिन्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिने सुरुवात केली. रोजच्याच आवाजात. खांदे मागे टाकले नाहीत. टाकता आले नसते; पाय स्टुलाच्या आडव्या पट्टीला अडकवून तिने स्वतःला धरून ठेवलं होतं. पाचही वाक्यं तिने नीट वाचली, स्वल्पविरामांसकट. कात्र्या थांबल्या. वाचून झाल्यावर ती थांबली.

मग काजवालीने, सुई ओठांत धरून, सवयीने म्हटलं, "पुढे?"

"पुढे सहीची जागा आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मुकादम ऑफिसच्या जिन्याकडे निघाला होता, धावायचं नाही असं ठरवून धावणाऱ्या माणसासारखा. काजवालीने ओठांतली सुई काढून बाहीला टोचली. ती भिंतीकडे बघत होती, खिळ्यांकडे. एकेक करून बाकीच्याही तिकडे बघायला लागल्या, आणि ज्या बघत नव्हत्या त्या मुद्दाम बघत नव्हत्या हे दिसत होतं.

"यात मधली पानं नाहीत," काजवाली म्हणाली.

"नाहीत."

"तुला येतात पाठ?"

"येतात. माझी पण आहेत त्यात. ती ऐकून तुम्हाला माझा राग येईल."

काजवाली उठली. मास्तरिणीच्या टेबलापाशी गेली आणि ढिगातून आपल्या वाट्याच्या कॉलरी मोजून घेतल्या, ना एक कमी ना एक जास्त. तिच्यामागून धागे कापणारी उठली. मग बटणवाल्या दोघी बहिणी, एकमेकींकडे न बघता. मग अजून दोघी. प्रेसवरची नवी बाई जागची हलली नाही, तिला रिवाज माहीतच नव्हता. बाकीच्या चौघींनी माना खाली घातल्या आणि कात्र्या पुन्हा चालू केल्या, जरा जास्तच जोराने. त्यांची पोरंही लहानच होती. एकीचं तर अजून अंगावर पीत होतं. त्यांच्या वाट्याच्या कॉलरी टेबलावर पडून राहिल्या, टोकं आत दुमडलेल्या. त्या आता तिलाच कराव्या लागणार होत्या, करायला दिल्या तर.

जिन्यात बुटांचा आवाज आला, दोन माणसांचा. तिने कागद उलटा केला आणि कोरी बाजू समोर धरली. हातात काही नसलं की तिला वाचता येत नसे.

"त्या दिवशी सोमवार होता," तिने सुरुवात केली. "मुकादम पाना घेऊन आला तेव्हा आपण सगळ्या इथेच होतो."